हवा लागलेले फोन

कोरेगावच्या बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. भिंतीला भिंत लावून संयोगिताचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि बरोबर समोर, रस्त्यापलीकडं, जयराज डॉक्टरांचा तीन मजली दवाखाना. त्यामुळं जे घडलं त्यातलं बरंचसं मी खुर्चीवरून न उठताच बघितलं. एकदोन वेळा मात्र उठावं लागलं, ते पुढं येईलच.

संयोगिता मूळची कुंडलची. वडिलांची थोडी उसाची शेती, आणि त्यांना मोटारीच्या स्टार्टरपासून रेडिओपर्यंत सगळं स्वतः उघडून बघायची सवय. पोरगी बॅटरी धरून शेजारी बसायची आणि नजर वडिलांच्या बोटांवर. लग्न होऊन ती कोरेगावात आली. नवरा इंद्रजित फौजेत, लांब कुठंतरी डोंगरात. पहिल्याच वर्षी तो सुट्टीवर आला आणि शेतात पाणी धरताना त्याचा फोन पाटात पडला. दुकानदार म्हणाला, टाकून द्या. संयोगितानं शिलाई मशीनच्या बारक्या स्क्रू ड्रायव्हरनं तो उघडला, आतला गाळ दाताच्या ब्रशनं काढला, दिवसभर पंख्याखाली ठेवला, आणि फोन चालू झाला. इंद्रजितनं तिथंच ठरवलं. पुढच्या सुट्टीत त्यानं तिला साताऱ्याला दुरुस्तीच्या कोर्सला घातलं.

सासरे आकाराम आबा, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. सून बाजारात दुकान टाकून बसणार म्हटल्यावर त्यांनी काही दिवस बोलणंच टाकलं. मग एकदा त्यांचा स्वतःचा फोन बिघडला. पलीकडनं इंद्रजित "आबा, आवाज येत न्हाई, आवाज येत न्हाई" करतोय आणि आबा अंगणात उभं राहून ओरडतायत. संयोगितानं फोन घेतला, खालच्या भोकात साठलेली तंबाखू सुईनं कोरून काढली आणि फोन परत दिला. दुसऱ्या दिवशी आबा स्वतःची खुर्ची उचलून दुकानासमोर येऊन बसले ते कायमचेच.

सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं, आत डोकवायचं आणि विचारायचं, "कारागीर कुटं गेलाय?"

"कारागीर तुमच्या म्होरंच बसलाय," आबा बाहेरनं सांगायचे. "फोन द्या आन् च्या पिऊन या."

असं करत करत बस्तान बसलं. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सा, औषधाच्या दुकानातली पोरं, पेशंटबरोबर आलेले पाहुणे, सगळे तिच्याकडंच यायला लागले.

त्यातच दवाखान्यात एमआरआयचं यंत्र आलं. आमच्याकडं ही फार मोठी गोष्ट. मणका दुखला, डोक्याला मार लागला की सातारा गाठा, नाहीतर कराड, नाहीतर थेट मिरज. आता गावातच सोय होणार म्हणून ट्रेलर आला त्या दिवशी अर्धी बाजारपेठ रस्त्यावर होती. क्रेननं ते धूड उचललं, भिंत पाडून आत घेतलं, बायकांनी ओवाळलं, कुणीतरी नारळ फोडला. जोडणी करायला कंपनीचा एक इंजिनिअर आला होता, वीरधवल नावाचा, इस्लामपूरकडचा. तो आणि त्याची माणसं मग बरेच दिवस तिथंच होती. अधूनमधून टेंपोतनं मोठाली चकचकीत भांडी यायची, दुधाच्या कॅनचा थोरला भाऊ शोभावा अशी. यंत्राला गार ठेवायचा गॅस त्यात असतो, एवढंच आम्हाला कळलं होतं.

एका दुपारी दवाखान्यातली क्रांती रस्ता ओलांडून तावातावानं आली. ही तिथं रिसेप्शनवर बसते. मुलगी मनानं चांगली, पण राग नाकावर. तिच्या भावानं तिला एक महागडा फोन घेऊन दिला होता, आणि त्याची फुटलेली काच संयोगितानं आठवड्यापूर्वीच बदलली होती.

"ताई, काय बसवलंयस माझ्या फोनात? बोलता बोलता गेला. आता चालूच होईना!"

"बघू," म्हणत संयोगितानं फोन घेतला. चार्जरला लावला, काही नाही. बटणं दाबून ठेवली, काही नाही. उघडून दुसरी बॅटरी जोडली, तरी पडदा काळाच. ती अजून बघतेच आहे तोवर एक्स-रे काढणारा आला. त्याचाही फोन बंद. मग दवाखान्यातल्याच औषधाच्या दुकानातला, मग वरच्या मजल्यावरची एक नर्स. संध्याकाळी खुद्द जयराज डॉक्टरांचा फोन शिपायाबरोबर आला. काउंटरवरचा ट्रे भरला. सगळे फोन एकाच कंपनीचे, महागातले, आणि सगळे त्याच दुपारी गेलेले.

"काका," ती मला म्हणाली, "जळालेला फोन मला वासावरनं कळतो. भिजलेला उघडल्यावर कळतो. ह्यांना काय झालंय तेच कळंना. सगळं जिथल्या तिथं हाय आणि फोन मेलाय."

आता ह्या फोनांपैकी तीन-चारांचं काम तिनं मागं कधीतरी केलेलं होतं. क्रांतीला तेवढंच पुरलं. दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायला लागली की समोरच्या दुकानात बनावट माल बसवतात. डॉक्टरांचा फोन तर संयोगितानं त्याआधी हातातही धरला नव्हता, पण ते कोण ऐकतंय! बंद फोनवाल्यांपैकी दोघं आपले फोन घेऊन साताऱ्याला गेले. तिथल्या दुकानात सांगितलं, बोर्ड गेला, दुसरा घ्या. ते ऐकून तर इथं बोलणाऱ्यांना आणखी जोर आला. दुरुस्तीला टाकलेले दुसरे फोनही लोक न दुरुस्त करताच परत न्यायला लागले.

आबा खुर्चीवरून एकेकाला हटकायचे. "का रं, कालपतोर ताई, ताई करत हुतास. आज काय झालं?" पण त्यांचा आवाजही नेहमीसारखा चढत नव्हता.

संयोगिता मान खाली घालून कामात असायची. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. माझी बायको तिच्यासाठी भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन आली तर ही म्हणाली, "काकू, घास उतरंना बघा." इंद्रजितचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. तिनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चूक तुझी असंल तर सरळ कबूल कर. नसंल तर कुणाची हाय ती हुडकून काढ. पण उपाशी बसू नकोस."

तिनं फोन ठेवला, डबा उघडला आणि जेवली.

रविवारी सकाळी तिनं शटर वर केलं आणि आत काहीतरी गुरगुरत होतं. क्रांतीचा फोन ट्रेमध्ये थरथरत होता. तिच्या भावाचा कॉल येत होता. संयोगितानं तो उचलला नाही, नुसती बघत राहिली. मग पळत माझ्याकडं आली.

"काका, चालू झाला! म्या हातसुद्धा लावला नव्हता."

दुपारपर्यंत एक्स-रेवाल्याचा उठला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा. मग एकेक करत सगळेच. काही म्हणजे काही बिघाड नाही, आतले फोटोसुद्धा जसेच्या तसे. साताऱ्याला नेलेले दोन फोनही आपोआप सुरू झाले, पण त्यांच्या मालकांनी त्याचं श्रेय साताऱ्याच्या एसटीतल्या हादऱ्यांना दिलं.

आणि मग वारं फिरलं. ज्यांनी बनावट माल म्हटलं होतं तेच आता म्हणायला लागले, साताऱ्यात जमलं नाही ते पोरीनं करून दाखवलं. क्रांती घरच्या शेतातला घेवडा पिशवीत घेऊन आली. मान खाली.

"ताई, चुकलं माझं. तू एवढं रिपेअर केलंस आणि मी..."

"अगं, मी काय केलंच न्हाई," संयोगिता म्हणाली. "आपोआप चालू झालाय."

"मोठ्या मनाची माणसं असंच म्हणतात," क्रांती म्हणाली आणि घेवडा ठेवून गेली.

कुणालाच पटेना. ती जेवढं नाही म्हणायची तेवढी तिची कीर्ती वाढायची. शालूबाई म्हणून आमच्या पेठेतल्या एक म्हाताऱ्या आहेत, त्या त्यांचं कानाचं यंत्र घेऊन आल्या.

"उघडू नगंस," त्या म्हणाल्या, "नुसतं त्या ताटात ठिव. चार दिसांनी नेते."

"आज्जी, आवं तसं न्हाई हुत."

"आं?"

"तसं न्हाई हुत म्हणते!"

"व्हय व्हय, ठिव तू," म्हणून शालूबाई निघून गेल्या. संयोगितानं यंत्रातला मळ काढला, सेल बदलला आणि घरी नेऊन दिलं. त्यावरही शालूबाईंनी गावभर सांगितलं की ताटात ठेवल्या ठेवल्या गुण आला.

आबा खूश होते. संयोगिता मात्र नव्हती. एकदा दुकान बंद करताना ती मला म्हणाली, "काका, शिव्या खाल्ल्या तवा निदान मला ठावं हुतं की माझी चूक न्हाई. आता हे कौतुक कशाचं घेऊ? उद्या परत बंद पडले तर काय सांगू लोकांना?"

आणि परत बंद पडलेच.

पुन्हा तशीच दुपार. पुन्हा क्रांती रस्ता ओलांडून आली, पण ह्या वेळी हसत. "ताई, परत गेला बघ. ठेवू का ट्रेमध्ये?" तिच्या मागं एक्स-रेवाला, त्याच्या मागं नर्स. सगळे बिनघोर. जसं काही इस्त्रीला कपडे टाकायला आलेत.

संयोगितानं एकही फोन घेतला नाही. ड्रॉवरला कुलूप लावलं, आबांना म्हणाली, "आबा, जरा दुकानाकडं ध्यान द्या," आणि मला म्हणाली, "काका, चला माझ्यासंगं. डॉक्टरांशी एकटीला बोलाय जमणार न्हाई." तेव्हा मला उठावं लागलं.

दवाखान्यात ती आधी रिसेप्शनपाशीच उभी राहिली आणि क्रांतीला कामाला लावलं. कुणाचा फोन बंद आहे, कुणाचा चालू, विचारून ये. क्रांती तिन्ही मजले फिरून आली. बंद पडलेले सगळे त्या एकाच कंपनीचे. बाकीच्यांचे साधे फोन ठणठणीत. माझा बटणांचा डबा तर मी खिशातनं काढून दाखवला. पण गंमत अशी की गेटवरच्या वॉचमनकडंही त्याच महागड्या कंपनीचा फोन होता, मुलानं दिलेला, आणि तो मात्र व्यवस्थित चालू होता. तो दिवसभर बाहेर, उन्हात.

"म्हंजी जे काय हाय ते बिल्डिंगच्या आत हाय," संयोगिता म्हणाली.

डॉक्टरांच्या खोलीत वीरधवल इंजिनिअरही बसला होता. डॉक्टरांनी आम्हाला बसवलं, ऐकून घेतलं. माणूस सरळ आहे.

"मला वाटतं हे त्या यंत्राच्या चुंबकामुळं असावं," ते म्हणाले. "फार ताकदीचं असतं."

वीरधवलनं मान हलवली. "नाही, सर. चुंबकाचा जोर त्या खोलीपुरताच. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सचा फोन त्यानं बंद पडणार नाही." मग त्यानं ओशाळून खिशातनं स्वतःचा फोन काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगायचं तर माझाही बंद आहे. दोन्ही वेळेला. मला वाटलं, धुळीत काम करतोय म्हणून असेल."

संयोगितानं त्याच्या फोनकडं बघितलं. तीच कंपनी.

"साहेब, एक इचारू का? आज तुमी यंत्राला काय केलं? आन् मागच्या वेळी फोन गेले तवा काय केलं हुतं?"

"विशेष काही नाही. हेलियम भरला. मागच्या वेळीही..." आणि वीरधवल बोलता बोलता थांबला. त्यानं कपाळावर हात मारला. "अरे देवा! आमच्या ऑफिसात एकानं सांगितलं होतं. परदेशात एका दवाखान्यात असंच झालं होतं म्हणे. मी हसलो होतो त्याला."

मग तो ताडकन उठला. "आधी एसी बंद करा, सर. सगळ्या खिडक्या उघडा. मी मीटर घेऊन येतो."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "पेशंटना धोका आहे का?"

"हेलियम विषारी नाही. फुग्यात भरतात तोच हा. पण बंद जागेत फार साठला तर श्वासाला हवा कमी पडते. बघून घेऊ, मग बोलू."

पुढचा तासभर सगळा दवाखाना नुसता पळत होता. क्रांती खिडक्या उघडत सुटली, संयोगिता तिच्या मागं. मी म्हाताऱ्या पेशंटांना "काही नाही, जरा मोकळी हवा" असं सांगत फिरलो. वीरधवल हातातलं मीटर घेऊन प्रत्येक खोलीत गेला. सगळीकडं प्राणवायू जिथं हवा तिथं होता. हेलियम आला होता तो इतका पातळ पसरून की माणसांना त्याचा पत्ताही लागला नव्हता. शेवटी तो गच्चीवर गेला. यंत्रातनं उडणारा गॅस बाहेर सोडायला एक जाड पाइप गच्चीपर्यंत नेलेला होता. त्याचा एक सांधा ढिला राहिला होता, आणि तोही नेमका एसी जिथनं बाहेरची हवा ओढून घेतो त्या तोंडापाशी. भरणा चालू असताना उडालेला गॅस एसीनं गिळायचा आणि तिन्ही मजल्यांवर वाटायचा.

वीरधवल खाली आला तेव्हा घामानं निथळत होता. "काम आमचं होतं, चूक आमची," तो डॉक्टरांना म्हणाला. "अजून दोन भरणे व्हायचे होते. ताईंनी विचारलं नसतं तर मी तसेच उरकले असते."

क्रांतीनं सगळ्यांसाठी चहा आणला. चहा पिताना संयोगितानं त्याला विचारलं, "पण साहेब, गॅस फोनात शिरतो कसा? आन् ह्याच फोनात का?"

त्यानं तिला नीट समजावून सांगितलं आणि तिच्याबरोबर मलाही कळलं. प्रत्येक फोनात वेळ मोजणारा एक बारीक भाग असतो. तो सारखा ठराविक तालात थरथरतो आणि सगळा फोन त्या तालावर चालतो. साध्या फोनात तिथं स्फटिकाचा तुकडा असतो, चांगला बंद डबीत. ह्या महागड्या फोनांत त्याहून कितीतरी बारीक, केसाहून लहान असा भाग बसवतात, आणि त्याच्याभोवती हवा काढून टाकलेली पोकळी ठेवतात. हेलियमचे कण इतके सूक्ष्म की बाकी कुठलाही वायू शिरणार नाही तिथनं ते आत शिरतात. आत गर्दी झाली की त्या भागाचा ताल बिघडतो आणि फोनला काय करावं ते कळत नाही. चार-सहा दिवस मोकळ्या हवेत राहिला की कण आले तसे निघून जातात आणि फोन पुन्हा चालू.

"म्हणून ट्रेमध्ये पडल्या पडल्या बरे झाले!" संयोगिता एवढ्या मोठ्यानं हसली की बाहेरची नर्स आत डोकावली. कितीतरी दिवसांनी तिला असं हसताना बघितलं.

पाइप दुरुस्त झाला, पण बाजारपेठेत कुणाला हे पटेना. हवेनं फोन बंद पडतो होय? लोकांना संयोगिताच्या हाताचा गुण जास्त खरा वाटत होता. शेवटी तिनं ठरवलं, सगळ्यांसमोर करून दाखवायचं. बाजाराचा दिवस धरला. वाढदिवसाच्या सजावटीचं सामान विकणाऱ्याकडनं हेलियमचे फुगे आणले आणि माझ्या बायकोनं लोणच्याची मोठी प्लॅस्टिकची बरणी धुऊन दिली. वीरधवलही कौतुकानं येऊन उभा राहिला. प्रश्न एकच होता, फोन कुणाचा?

गर्दीतनं उदयसिंह पुढं आला. हा आमच्याच भागातला बागायतदार. आधी फौजेत होता, आबांच्या नंतरच्या पिढीतला. गडी दिलदार, पण बोलणं कायम चढ्या पट्टीतलं.

"माझा घ्या की," तो म्हणाला. "नवाकोरा हाय. पाण्यात टाकला तरी मरत न्हाई, तिथं फुग्याचं काय घेऊन बसलाय!"

"उदयसिंह, चार-सहा दिस फोनबिगर ऱ्हावं लागंल," संयोगिता म्हणाली. "परत इचार करा."

"आवं वैनी, बंद पडला तर ना!"

"आन् पडला तर?" आबांनी खुर्चीवरनं विचारलं.

"पडला तर सगळ्या बाजारपेठेला माझ्याकडनं उसाचा रस!"

टाळ्या पडल्या. संयोगितानं त्याच्या फोनवरचं सेकंद मोजणारं घड्याळ चालू केलं आणि फोन बरणीच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं पक्का चिकटवला. शेजारी माझा बटणांचा फोन. मी म्हटलं, बाई माझा कशाला, तर म्हणाली, काका, तुमच्याशिवाय मजा न्हाई. मग तिनं बरणी उलटी धरली, कारण हा गॅस वर चढतो, आणि तोंडाकडनं एकेक फुगा आत मोकळा करून झाकण आवळलं.

लोक बरणीभोवती दाटले. घड्याळातले आकडे पळत होते. उदयसिंह कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडं बघत होता. थोडा वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी मागनं म्हणालं, "वैनी, रस तुमीच पाजा आता." संयोगिताच्या कपाळावर घाम आला. तिची नजर बरणीवरनं हलत नव्हती.

मग आकडे अडखळले. पळता पळता थबकले, पुन्हा थोडे पुढं गेले, पुन्हा थबकले आणि जागेवर थिजले. मग पडदा काळा झाला.

"आरं तिच्या!" उदयसिंह ओरडला. "माझा फोन!"

त्याच क्षणी बरणीतला माझा फोन वाजायला लागला. बायकोचा कॉल होता, समोरच्या ओट्यावरनं ती मुद्दाम लावून बघत होती. सगळी बाजारपेठ हसत सुटली. आबा तर खुर्चीवरनं उठून उभे राहिले आणि उदयसिंहाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गड्या, रसवाल्याला आवाज दे."

रसाचं घुंगरू त्या दिवशी बराच वेळ वाजत राहिलं. क्रांती दोन ग्लास घेऊन संयोगिताकडं आली, एक तिच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिनं फोन बिघडवले पण नव्हते आणि दुरुस्त पण केले नव्हते. दोन्ही वेळेला मीच येडी."

"आता बरोबर बोललीस," संयोगिता म्हणाली आणि तिच्या गळ्यात हात टाकला.

उदयसिंह पुढचे काही दिवस रोज सकाळी दुकानात चक्कर मारायचा. पहिल्या दिवशी पार कावराबावरा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, कारखान्याची माणसं फोन लागंना म्हणून घरी आली, त्यांच्याबरोबर जेवण झालं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "वैनी, बायको म्हणतीया लगीन झाल्यापास्नं पैल्यांदा एवढं बोलला तुमी माझ्याशी." आणि फोन चालू झाल्याचं संयोगितानं सांगितलं तेव्हा तो जरा हिरमुसलाच. "आजून दोन दिस ठिवला असता तर चाललं असतं," असं पुटपुटत घेऊन गेला.

यंत्राचं उद्घाटन झालं तेव्हा डॉक्टरांनी संयोगिताला पहिल्या रांगेत बसवलं. भाषणात त्यांनी तिचं नाव घेतलं. चमत्कार वगैरे काही नाही, म्हणाले, एका बाईनं न केलेल्या कामाचं श्रेय घ्यायचं नाकारलं म्हणून आपल्या पाइपची गळती सापडली. तिची आई कुंडलहून आली होती. तिला भाषणातलं फारसं कळलं नाही, पण लेकीचं नाव ऐकू आलं तसा तिनं पदर डोळ्यांना लावला. इंद्रजितही सुट्टी काढून आला होता. तो मागं उभा राहून टाळ्या वाजवत होता, इतरांच्या थांबल्या तरी.

त्यानंतर आठवड्याभरातच आबांचा नंबर लागला. त्यांचा गुडघा जुना दुखरा, परेडमधला. यंत्राच्या खोलीत जाण्याआधी क्रांतीनं त्यांच्या अंगावरचं सगळं काढून घ्यायला सुरुवात केली. फोन, घड्याळ, किल्ल्या, पट्टा, तंबाखूची स्टीलची डबी.

"डबी न्हाई देणार," आबा म्हणाले.

"आबा, आतलं चुंबक ती डबी तुमच्या हातातनं हिसकावून घेईल."

"घेऊन तर दावूंदे."

संयोगिता पुढं झाली. "आबा, द्या हिकडं. मी सांभाळते."

आबांनी डबी सुनेच्या हातात ठेवली आणि छाती काढून आत गेले. बाहेर आम्ही बाकावर बसलो. आतनं ठाक ठाक, घर्र घर्र आवाज येत होते. इंद्रजित म्हणाला, आबा घाबरले असतील. मी म्हटलं, यंत्र घाबरलं असेल.

दार उघडलं आणि आबा लंगडत, पण ताठ बाहेर आले. कानातले बोळे काढून त्यांनी क्रांतीच्या हातात दिले.

"काय आबा, कसं वाटलं?" तिनं विचारलं.

"लय गोंगाट," आबा म्हणाले. "आमच्या येळंला फायरिंग रेंजवर यापरीस शांतता हुती." मग सुनेकडं वळून हात पुढं केला. "आन डबी."